बर्फाचा वाफसा

मराठी भाषेत बर्फाला शब्द किती, हे एकदा बोटांवर मोजून पाहा. दुसऱ्या बोटावरच गाडी अडते. एक ‘बर्फ’ आणि कवितेत बसवायचा झाला तर ‘हिम’. रसवंतीवाला भुशात गुंडाळून ठेवतो ती लादी बर्फ, गोळेवाला किसून काढतो तो चुरा बर्फ, आणि हिमालयावर आभाळातून उतरतो तोही बर्फच. आमच्या नगर जिल्ह्याला आभाळातून पडणारा बर्फ ठाऊक आहे तो फक्त गारांच्या रूपाने. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर गारपीट झाली तेव्हा बांधाबांधावर पांढरा सडा पडला होता. पण त्याची शोभा पाहायला कोणी थांबले नाही. (जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, हे मला माहीत आहे. पण साठ वर्षे जिभेवर बसलेले ‘नगर’ एका राजपत्राने उठत नाही. वाचकांनी सांभाळून घ्यावे.)

उलट पाणी आणि माती यांच्या बाबतीत आमची भाषा कशी सढळ आहे पाहा! भुरभुर, रिपरिप, सर, झड, वळीव हे पावसाचे. चिखल, राड, रेंदा, गाळ हे मातीचे. आणि या साऱ्यांत मला सर्वांत आवडणारा शब्द म्हणजे वाफसा. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. पाऊस पडून गेल्यावर रान प्रथम पायाला चिकटते. तेव्हा त्यात औत घालाल तर चिखल होतो आणि पुढे दगडासारखी ढेकळे निघतात. फार दिवस थांबाल तर वरची माती वाळून टणक होते आणि तिफण आत शिरत नाही. या दोहोंच्या मध्ये एक अवस्था येते. मूठभर माती दाबली तर तिचा लाडू होतो, आणि बोटाने टोचला तर तो लाडू मोकळा होतो. ओल आहे पण चिकटा नाही. मातीच्या बारीक पोकळ्यांत पाणी आहे आणि मोठ्या पोकळ्यांत हवा. हा वाफसा. तो फार दिवस टिकत नाही, आणि ज्याला तो साधला त्याचे पेरणीचे अर्धे काम झाले.

हे सारे बर्फावरच्या लेखात कशाला, असे कोणी विचारील. तर वाफसा बर्फालाही असतो. हे मला एकसष्टी उलटल्यावर गुलमर्गला कळले, आणि कळले तेव्हा माझ्या पायांना एक फळी बांधलेली होती.

त्याचे झाले असे. २०२४ च्या जानेवारीत मला साठ वर्षे पूर्ण झाली. घरातून साठीशांतीचा आग्रह होता. गुरुजींनाही निरोप गेला होता. पण पुण्याला नोकरी करणारी आमची लेक चार-पाच वर्षांपूर्वीच या बर्फावरच्या फळीच्या नादी लागलेली. ती म्हणाली, “बाबा, होमाचा धूर खाण्यापेक्षा माझ्याबरोबर बर्फ खायला चला.” तिने खाण्याचा उल्लेख केला तो शब्दशः खरा ठरणार होता, हे तेव्हा कुठे ठाऊक! शेवटी सकाळी शांत उरकली आणि आठवड्याने आम्ही श्रीनगरच्या विमानात बसलो.

या फळीला स्नोबोर्ड म्हणतात. तिचा जन्मही एका बापाच्या हातून लेकीसाठीच झालेला आहे. १९६५ च्या नाताळात अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शर्मन पॉपेन नावाच्या इंजिनियराने मुलींना खेळायला म्हणून दोन स्की एकमेकींना जोडल्या आणि त्यांवर आडवे उभे राहून उतारावरून सोडून दिले. तेथून निघालेला हा खेळ १९९८ मध्ये जपानमधील नागानोच्या ऑलिंपिकमध्ये जाऊन पोचला. माझा क्रम उलटा; लेकीने बापाला फळीवर उभे केले.

गुलमर्ग सुमारे ८,७०० फूट उंचीवर आहे. राज्यातले सर्वांत उंच कळसूबाई शिखर आमच्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यात; पण त्याची उंची ५,४०० फूट. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावर निम्मे कळसूबाई आणखी ठेवले तरी गुलमर्गचे बाजारपेठेचे मैदान वर उरते. तेथून दोन टप्प्यांचा पाळणा वर जातो: पहिला कोंगडोरीपर्यंत आणि दुसरा, २००५ पासून, अफरवट डोंगराच्या खांद्यापर्यंत, जवळजवळ १३,००० फुटांवर. चित्रांत पाहिलेले ते शुभ्र राज्य पाहायला मी डोळे फाडून बसलो होतो. टांगमर्गचा घाट चढून गाडी मैदानात आली आणि समोर काय? माळ! एप्रिलातला आमचा पाथर्डीचा माळ. तपकिरी, वाळलेले गवत, त्यात उघडे दगड, आणि कडेला देवदारांच्या सावलीत उरलेली बर्फाची दोन-चार ठिगळे.

२०२४ च्या त्या जानेवारीत काश्मीर कोरडे गेले होते. भूमध्य समुद्राकडून हिवाळ्यात जे वारे ओल घेऊन येतात आणि ज्यांना हवामान खाते पश्चिमी विक्षोभ म्हणते, ते महिनाभर जणू वाट चुकले होते. लाकडी स्लेजगाड्या ओढणारी माणसे गाड्या पालथ्या घालून त्यांवर बसली होती. फिरनच्या आत कांगडी धरलेली, डोळे पश्चिमेकडे. एवढ्या वेळात कोणीही मोठ्याने बोलले नाही. ते बसणे मला ओळखीचे होते. १९७२ साली मी आठ वर्षांचा होतो. शाळेत सुकडी मिळे, वडील रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात, आणि संध्याकाळी पारावर माणसे अशीच बसत: अंगाला हात लपेटून, आभाळाकडे बघत. पुढे चारा छावण्यांतही तेच बसणे पाहिले. दुष्काळाचा रंग पिवळा असो की तपकिरी, बसण्याची रीत एक असते.

लेकीने ठरवलेला शिक्षक टांगमर्गचा, तिशीतला तरुण. तो मला चाचाजी म्हणे आणि मी त्याला उस्ताद म्हणत असे. हा मान त्याला प्रथम थट्टा वाटली, नंतर सवयीचा झाला. पहिल्या संध्याकाळी चहावर मी त्याला विचारले, “आता कसे?” त्याने बोटे मोडून हिशेब सांगितला. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलान, मग वीस दिवस चिल्लई खुर्द, मग दहा दिवस चिल्लई बच्चा. चाळीस दिवसांत पडलेला बर्फ टिकतो. तो उन्हाळाभर झऱ्यांना पाणी पुरवतो. बच्चात पडला तर आठवड्यात वाहून जातो. मी त्याला आमची नक्षत्रे सांगितली: मृग, आर्द्रा, पुनर्वसू... आणि प्रत्येकाचे वाहन. पंचांगवाल्याने बेडूक किंवा म्हैस सांगितली की माणसे खूश, उंदीर सांगितला की गप्प. तो खळखळून हसला. मग म्हणाला, “आमच्या चिल्लईला वाहन नाही, चाचाजी. म्हणून बहुधा पायी येते आणि उशीर होतो.”

पैसे भरले होते, तेव्हा शिकणे तर भाग होते. देवदारांच्या उत्तरेला आमच्या वाड्याच्या अंगणाएवढा एक पट्टा शिल्लक होता. महिन्यापूर्वीचा जुना बर्फ; दिवसा वरून ओला होई, रात्री गोठे; असे होत होत त्याची काच झालेली. त्या काचेवर मी सहा दिवस टाच आणि चवडा यांची बाराखडी गिरवली.

ही बाराखडी सांगितल्यावाचून पुढचे समजणार नाही. फळीवर माणूस आडवा उभा राहतो, त्यामुळे त्याच्या चवड्यांखाली एक कड येते आणि टाचांखाली दुसरी. कडांना पोलादी पट्टी असते. फळीची बाजू सरळ नसते. लांबवलेल्या डमरूसारखी ती मध्यावर आत घेतलेली असते. आता वळायचे दोन प्रकार. फळी आडवी करून बर्फ खरवडत वळणे हा एक. सारे नवशिके तसेच वळतात, आणि मागे हातभर रुंद फरफट उरते. दुसरा प्रकार कोरण्याचा. फळी कडेवर कलवायची आणि वजन तिच्यावर ठेवायचे. डमरूच्या कमरेमुळे ती आपोआप कमानीसारखी वाकते आणि त्या कमानीच्या वाटेनेच वळत जाते. खरवडणे नाही, सरकणे नाही. मागे उरते ती पेन्सिलीने ओढावी तशी एक बारीक रेघ. मला हे कळले ते शेतीच्या भाषेत. पहिला प्रकार म्हणजे कुळवणी आणि दुसरा म्हणजे नांगरट. नांगराच्या फाळामागे जी रेघ पडते तिला आमच्याकडे तास म्हणतात. तास सरळ धरणाऱ्या गड्याला गावात मान असतो. उस्तादाच्या तासाला मी असाच मान दिला. त्याच्या दोन रेघा त्या काचेवरही केसाएवढ्या बारीक होत्या.

माझी फळी मात्र काचेत रुतेना. कड बसण्याआधीच पाय निसटत, आणि बसण्याच्या जागेची जी अवस्था होई तिचे वर्णन दिवाळी अंकात शोभणार नाही. आठवडा संपवून आम्ही परतलो. आम्ही घरी पोचलो आणि जानेवारी सरता सरता तेथे बर्फ पडू लागला! फेब्रुवारीत तर भरपूर पडला. उस्तादाचा दोन शब्दांचा निरोप आला: “शीन मुबारक.” काश्मिरी भाषेत बर्फाला शीन म्हणतात आणि पहिल्या बर्फाच्या अशा शुभेच्छा देतात. पण त्याच फेब्रुवारीत गुलमर्गच्या वरच्या उतारावर बर्फाचा थर कोसळून एका रशियन स्कीवाल्याचा जीव गेला. कोरड्या महिन्यांशी अशा कोसळण्याचा संबंध कसा असू शकतो, तो उस्तादाने मला पुढे समजावला. सुरुवातीला पडलेला पातळ थर थंडीत तसाच पडून राहिला तर त्याच्या कणांची एकमेकांवरची पकड सुटते आणि खाली जाड साखरेसारखा मोकळा चुरा तयार होतो. त्यावर एकदम गाडीभर नवा बर्फ येऊन बसला की साखरेवर फरशी ठेवल्यासारखे होते. कोण कधी घसरेल, सांगता येत नाही. उशिरा येणाऱ्याने उपकाराबरोबर असे धोकेही आणावेत, हे मला नवे नव्हते. कोरड्या आषाढानंतर भाद्रपदात आलेला पूर आम्ही पाहिलेला आहे.

दुसऱ्यांदा गेलो ते २०२५ च्या मार्चमध्ये. त्याही वर्षी फेब्रुवारीत बर्फाअभावी गुलमर्गचे खेलो इंडियाचे हिवाळी सामने पुढे ढकलावे लागले होते. महिन्याच्या अखेरीस भरघोस बर्फ झाला आणि ते ९ मार्चला सुरू झाले. आम्ही दहा दिवस राहिलो. या दहा दिवसांत मी एका डोंगरावर चार-पाच निरनिराळे डोंगर पाहिले, असेच म्हणावे लागेल.

एका सकाळी दार उघडले तर रात्रभर पडलेला ताजा बर्फ मांडीपर्यंत. हातात घेतला तर पिठीसाखर. फुंकर मारली की उडाला. असा दहा इंच बर्फ वितळवावा तेव्हा कुठे इंचभर पाणी निघते, बाकी सारी हवा. कापसात नांगर धरता येईल काय? कडेला टेकायला काही सापडतच नाही. त्यात कोरायचे नसते, तरंगायचे असते. लेक मोठ्या खुशीत तरंगत गेली. मी पहिल्या वळणावर नाकाबुडी गेलो आणि मघाशी सांगितलेला बर्फ खाल्ला. दुसऱ्या दिवशी तोच बर्फ खाली बसला होता. प्रत्येक कणाला सहा नाजूक हात असतात. ते हात मोडतात, कण वाटोळे होतात आणि जिथे टेकतात तिथे एकमेकांना चिकटतात. तिसऱ्या दिवशी वारा सुटला आणि त्याने डोंगराच्या एका कुशीचा बर्फ उचलून दुसऱ्या कुशीत भरला. एकीकडे उघडी हाडे, दुसरीकडे ठोकून बसवल्यासारखा टणक थर, आणि त्यावर पाय ठेवला की ढोलासारखा आवाज. उस्तादाने तेथून मला हाताला धरून मागे आणले. एरवी विनोदी असलेला हा माणूस त्या वेळी एक शब्द बोलला नाही.

मग आभाळ निवळले आणि उन्हाचे दिवस सुरू झाले. आता वाफशाची गोष्ट.

पहिल्या उन्हाच्या दिवशी मी उत्साहाने आठ वाजताच फळी घेऊन तयार झालो. उस्ताद कांगडी शेकत बसलेला. म्हणाला, “बसा, चाचाजी. अजून व्हायचे आहे.” स्वच्छ रात्री बर्फ आपली ऊब उघड्या आकाशाला देऊन बसतो आणि पहाटेपर्यंत वरचा थर दगड होतो. नऊला त्याने काठीचे टोक टोचले, टण् वाजले. साडेनऊला पुन्हा टोचले. सव्वादहाला तो उठला, हातमोजा काढला, मूठभर बर्फ दाबला आणि मूठ उघडली. तळहातावर गोळा. अंगठ्याने टोचताच गोळा ज्वारीच्या दाण्यांसारखा मोकळा झाला.

मी त्याच्या मुठीकडे पाहतच राहिलो. माझे वडील पाथर्डीच्या रानात हेच करीत. तीच मूठ, तोच अंगठा, आणि टोचल्यावर मान किंचित वाकडी करून बघण्याची तीच लकब. वडिलांना जाऊन बावीस वर्षे झाली. त्यांनी बर्फ पाहिला तो फक्त रसवंतीच्या पेटीत.

“आता,” उस्ताद म्हणाला.

इंचभर मऊ आणि खाली घट्ट. कड घातली तशी ती इंचभर आत गेली आणि तिथे धरून राहिली. न निसटली, न बुडाली. मी गुडघे वाकवले, नजर फळीकडून काढून वळणाच्या पलीकडे लावली, आणि आयुष्यात प्रथमच फळीला वळवले नाही. ती आपणहून वळली. एक टाचेचे वळण, एक चवड्याचे, पुन्हा टाचेचे. आवाजसुद्धा निराळा. खरवडण्याची खरखर नाही, शिंप्याच्या कात्रीखाली नवे कापड जाते तशी एक लांब सर्र. खाली येऊन मागे पाहिले. सगळीकडे माझीच हातभर रुंद फरफट होती. पण तिच्यामध्ये तीन ठिकाणी, आठ-दहा पावलांच्या, बारीक रेघा. तीन तास! लेकीने त्यांची छायाचित्रे काढली. माझे एकही काढले नाही, हे तिच्या आईने घरी आल्यावर तिला सुनावले.

साडेअकरापर्यंत हे राज्य चालले. मग पूर्वेकडचा उतार आधी गेला, पाठोपाठ दक्षिणेकडचा. बाराला सगळीकडे लापशी झाली. कड तीत रुतून बसे आणि माणूस पुढे उडे. उस्तादाने फळ्या गोळा केल्या. लांबून पैसे खर्चून आलेली मंडळी दुपारी तीनपर्यंत त्या लापशीत धडपडत होती आणि पहाटेच्या काचेवरही तीच दिसत. त्यांचा दिवस घड्याळाचा होता. माझ्या मते तो सव्वा तास सोडला तर बाकीचा दिवस चहाचा.

चहावरच मी त्याला विचारले, की आमच्या पहिल्या खेपेनंतर शीन येईपर्यंत त्याने काय केले. तो आणि धाकटा भाऊ गोव्याला गेले होते, ओळखीच्या एका काश्मिरी वस्तूंच्या दुकानात काम करायला. बर्फ पडल्याचा फोन आल्यावर हा परतला. भाऊ तिथेच राहिला आणि अजून तिथेच आहे. “त्याच्याइतकी बारीक रेघ माझी नाही,” उस्ताद म्हणाला. “पण दुकानात पगार दर महिन्याला मिळतो.” मी त्याला सांगितले, की दसरा झाला की आमच्या पाथर्डी-शेवगावातून बैलगाड्या आणि ट्रॅक्टर भरून माणसे ऊसतोडीला जातात, घरावर कुलूप आणि म्हातारी माणसे उरतात, त्यांच्यातही तास सरळ धरणारे गडी असतात. मग हिवरे बाजारचीही गोष्ट सांगितली. त्या गावात पडलेला पाऊस मोजतात, जमिनीत किती मुरला त्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडतात आणि मगच पीक ठरवतात. तो बराच वेळ गप्प होता. “बर्फ मोजायची यंत्रे आमच्याकडेही आहेत,” तो म्हणाला. “पण पीक एकच आहे. बदलायचे कशाने?” याला मजजवळ उत्तर नव्हते, आणि उगाच काहीतरी सांगावे असा तो माणूसही नव्हता.

आमचे फोन चालू राहिले. सप्टेंबर २०२५ मध्ये आमच्याकडे जे झाले ते सर्वांनी वाचलेच आहे. ज्या पाथर्डी-शेवगाव-जामखेडला टँकरची सवय, तिथे ओढ्यांनी काठ सोडले, उभी पिके पाण्यात गेली आणि कित्येक बांधांवरची माती खरवडून निघाली. आमचे निम्मे रान वाहिले. उरलेल्यात ज्वारी घ्यायची म्हणून भावाने बियाणे आणून ठेवले होते. मी गावीच होतो तेव्हा उस्तादाचा फोन आला. त्याने टीव्हीवर पाहिले होते.

“पाऊस थांबला का?”

“थांबला,” मी म्हणालो. “पण वाफसा नाही.” त्याला शब्द लागला नाही, तेव्हा मी सव्वादहाच्या मुठीची आठवण दिली.

“अच्छा!” तो म्हणाला. “मग तुमच्या रानात आत्ता किती वाजलेत?”

मी फोन तसाच धरून भावाला विचारले. तो बांधावर उभा होता. चपला हातात, पिंढरीपर्यंत चिखल.

“त्याला सांग,” भाऊ म्हणाला, “अजून उजाडलेसुद्धा नाही. आणि विचार, त्याचा भाऊ गोव्याहून यंदा येतोय का.”